डिकीतलं पाचवं चाक आणि माहेरचा वानवळा

आईला डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात वाजता. बाकी सगळं घर या तीन वारांच्या मधल्या फटीत चालतं. त्यातली सगळ्यात मोठी फट म्हणजे शनिवार ते मंगळवार. तेवढ्यात कळंबजवळच्या तिच्या माहेरी जाऊन यायचं, असं मी फेब्रुवारीत ठरवलं. ठरवलं म्हणजे, एकदा जेवताना ती "आता काय जाणं होतंय म्हणा" असं म्हणाली आणि तिनं ताट सरकवलं. मला ते बघवलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली की काहीही झालं तरी मंगळवार चुकता कामा नये.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे आणि आता आपलं फिरणं संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी हौसेनं नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली पण डिकीची फळी एकदाही उचलून बघितली नाही, त्यांनीही वाचावं. मी त्यांच्यातलीच.

रविवारी पहाटे पाचला पुणं सोडलं. आईची पाठ फार वेळ बसू देत नाही, म्हणून मागच्या सीटवर गादी-उशी टाकून तिची झोपायची सोय केली होती. डिकीत घडीची व्हीलचेअर, औषधांची पिशवी, कपडे. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून डावीकडं वळून कुर्डुवाडी, बार्शी, मग येरमाळा आणि कळंब. पावणेतीनशे किलोमीटर धरून चला. टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास आहे, पुढं मात्र साखर कारखान्यांचा हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगायची तयारी ठेवा. टेंभुर्णीला इडली मिळते. आईनं बिनसांबाराच्या दोन खाल्ल्या आणि अर्धा कप चहा घेतला. तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यात चहाही मोजायचा.

बार्शी मागं पडली आणि येरमाळ्याच्या थोडं अलीकडं गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून बघते तर मागच्या डाव्या टायरची बाजूच चिरलेली. ट्रॉलीचा कसला तरी लोखंडी आकडा रस्त्यात पडला होता, तो गेला होता आरपार. मी धीरानं फळी उचलली आणि माझा धीर तिथंच सुटला. आत एक बारकं, सडपातळ चाक. वर पिवळी पट्टी, ताशी ऐंशीच्या वर नेऊ नये.

उसाची रिकामी ट्रॉली घेऊन परतणारा एक ट्रॅक्टरवाला न बोलावता थांबला. त्यानंच चाक बदललं. नट आवळताना म्हणाला, "ताई, ह्ये कुणाचं चाक घातलंय?"

"ह्याच गाडीचं आहे."

"मग गाडीच्या लहानपणचं असंल."

मागून आई खुदकन हसली. मला काही हसू आलं नाही. पुढं कळंबपर्यंत मी पन्नासच्या वर गेले नाही. हे चाक गेलं तर आपल्यापाशी काही नाही आणि मंगळवारी सात वाजता पुण्यात असायचंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

कळंबला दत्तादादा मोटारसायकल घेऊन उभाच होता. दत्तादादा म्हणजे माझा मामेभाऊ, आईचा भाचा. मामा-मामी गेल्यावर आईचं माहेर म्हणजे तो आणि सुरेखावहिनी. फोनवर माझा सूर ऐकून त्यानं आधीच टायरवाल्या शब्बीरभाईंना दुकान सोडू नका म्हणून सांगून ठेवलं होतं.

शब्बीरभाई साठीचे. त्यांनी बारकं चाक हातात फिरवून बघितलं. "ह्ये चाक कंपनीनं तुमाला घरी पोचायला दिलंय ताई, परगावी जायला न्हाय," म्हणाले. आईची हकीकत दत्तादादानं त्यांच्या कानावर घातली. हातातलं दुसरं काम त्यांनी लगेच बाजूला ठेवलं.

चिरलेल्या चाकावर नवा टायर चढला, ते सोपं होतं. खरं काम पुढंच होतं, बारक्याच्या जागी डिकीत पुऱ्या आकाराचं जादा चाक बसवायचं. माझी गाडी वरच्या मॉडेलची, तिची चाकं सतरा इंची. शब्बीरभाईंकडं याच गाडीच्या खालच्या मॉडेलची सोळा इंची लोखंडी रिम पडून होती. कुणीतरी हौसेनं चकचकीत चाकं घालून जुनी तिथंच सोडलेली. मी म्हटलं, सोळा आणि सतरा कसं जमेल? त्यांनी खडू घेतला. माझ्या चाकावर एक रेघ, फरशीवर एक रेघ, चाक एक फेरा लोटलं आणि जिथं रेघ परत टेकली तिथं खूण केली. मग लोखंडी रिमवर जरा जाड अंगाचा टायर चढवून तेही तसंच लोटलं. दोन्ही खुणांत बोटभरही फरक नव्हता.

"लिवलेला नंबर दुकानदारासाठी," ते म्हणाले. "चाक एका फेऱ्यात किती चालतं, त्ये बघायचं."

तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. ते चाक गाडीला चढवलं, हातानं फिरवून ब्रेकला घासत नाही ना ते बघितलं, नट तेच बसतात याची खात्री केली आणि मगच उतरवून डिकीकडं नेलं. खड्ड्यात ते गोलाईनं नीट बसलं, पण जाडीला तीन बोटं वर राहिलं. मधला आवळायचा बोल्ट आखूड पडला, तर लांब बोल्ट आणवला. चाक खडखडू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. शेजारच्या सुताराकडून लाकडी पट्ट्या कापून आणल्या, त्यांच्यावर फळी उचलून बसवली. जॅक पोत्यात गुंडाळून कडेला. ही गाडी घेतली त्या शोरूममध्ये मी मागं एकदा सहज विचारलं होतं, तर मोठं चाक बसतच नाही असं उत्तर मिळालं होतं. कळंबात ते अडीच तासांत बसलं. सगळं मिळून अठरा हजारांच्या आसपास खर्च आला. तुम्हाला करायचं असेल तर चाक आधी गाडीला चढवून बघितल्याशिवाय डिकीत जाऊ देऊ नका.

आई तेवढा वेळ दुकानात पंख्याखाली पाय पसरून बसली होती. शब्बीरभाईंनी घरून खाट आणवली होती. निघताना आईनं हात जोडले तर ते संकोचून म्हणाले, "मावशी, कशाला? लेकीच्या गाडीचं काम हाय." बारकं चाक दत्तादादानं मोटारसायकलला बांधून घरी नेलं.

गाव तिथून बारा किलोमीटर. पोचलो तेव्हा वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. आईवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी पथ्याची यादी आधी पाठवली होती, ती त्यांनी कुणाकडून तरी मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन चुलीमागं चिकटवली होती. भाजी दोनदा उकळून पाणी टाकून दिलेली, मीठ नावाला, ज्वारीची पातळ भाकरी. आई दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी न सांगता दुसरी भाकरी मागताना मी बघितली. दुपारी सगळ्या आळीतल्या बाया येऊन गेल्या. मी ओसरीत पडून ऐकत होते. पुण्यात पन्नास वर्षं काढलेली माझी आई तासाभरात "लई", "न्हाय", "व्हय" बोलायला लागली होती. तिचा आवाजही मोठा झाला होता.

सोमवारी सकाळी दहाला निघालो. सामान मी आंघोळीला गेले तेव्हाच दत्तादादानं भरून ठेवलं होतं. मला बरं वाटलं, कारण सगळ्यांचे डोळे भरले होते आणि मला रडत डिकी लावायची नव्हती.

येरमाळ्याला हवा बघायला थांबले. सहज डिकी उघडली. व्हीलचेअर होती, बॅगा होत्या आणि आडवं घातलेलं ज्वारीचं पोतं होतं. फळी मात्र पहिल्यासारखी खाली बसली होती. पोतं हलवून फळी उचलली तर चाकाच्या खड्ड्यात हरभऱ्याची पिशवी, चिंचेचे गोळे आणि शेंगा अशा ठासून भरलेल्या की वाऱ्यालाही जागा नाही.

"आई, चाक कुठंय?"

ती मागच्या सीटवर उठून बसली. "दत्ताच्या गोठ्यात."

"कुणी सांगितलं काढायला?"

"म्या सांगितलं. पोतं मावंना. येताना एक इडा टळली, तीच वाट परत थोडीच नडती?"

शेतात नवं आलं की नात्यातल्यांना त्यातलं द्यायचं, त्याला आमच्याकडं वानवळा म्हणतात. तो नाकारत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. उद्या सकाळी सात वाजता काय आहे ते तुला कळतं का, अठरा हजार आणि अडीच तास कुणासाठी घालवले, असं बरंच काही हवा भरणाऱ्या माणसासमोर बोलले. वय झालं की माणूस असा हट्टी होतो, असंही बोलले. ते बोलायला नको होतं.

आईनं उशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला कळतंय गं. तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. परत येनं व्हतंय न व्हतंय. शेवटच्या टायमाला भाच्यानं हौसेनं पोतं भरलं, त्याला मी काय म्हनू, जागा न्हाय?"

मी गाडीच्या पलीकडं जाऊन दत्तादादाला फोन केला. म्हटलं, चाक घेऊन येरमाळ्याला ये.

तासाभरात तो आला, मागं चाक दोरीनं आवळून बांधलेलं. चेहरा उतरलेला. "वृंदा, चूक माझी. बोल्ट कसा खोलायचा त्ये शब्बीरभाईंच्या हाताखाली बघून ठिवलं व्हतं ना, म्हणून हात शिवशिवला." मग पोत्याला हात घालत म्हणाला, "ह्ये मी नेतो माघारी. आत्या, येष्टीनं पाठवतो नंतर."

 आई नुसती पोत्याकडं बघत राहिली. मी दादाचा हात धरून पोतं खाली ठेवायला लावलं. म्हटलं, चाक मागच्या सीटवर ठेवू. पण मग आईनं झोपायचं कुठं? घरापर्यंत सहा तास होते.

"मी फुडं बसते," आई म्हणाली. "त्याला झोपू दे."

दादानं चाक गादीवर आडवं घातलं, रिममधून सीटबेल्ट ओवला आणि ओढून बघितला. वर आईनं स्वतःची शाल टाकली. निघताना दादा काचेतून आत वाकला आणि आईच्या पायाला हात लावून म्हणाला, "पोचल्यावर फोन करा."

वाटेत दोनदा थांबून मी तिला पाय मोकळे करायला लावले. ती एकदाही कण्हली नाही. टेंभुर्णीच्या पुढं मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "रस्त्याकडं बघ." चाकाची गरज काही पडली नाही, आणि संध्याकाळी सहाला आम्ही घरी होतो.

ज्वारी आता शेजारपाजाऱ्यांत वाटून संपत आली आहे. चाक डिकीत परत नीट आवळलं आहे. ट्रॅक्टरवाल्याचं नाव विचारायचं राहिलं, याची मात्र चुटपुट आहे. शब्बीरभाईंना, वहिनींना आणि दत्तादादाला जेवढं मानावं तेवढं थोडंच.

मंगळवारी पावणेसातला आई दवाखान्यात तिच्या खाटेवर होती. मशीन लावणारी सिस्टर सुई टोचताना म्हणाली, "काय आजी, झालं माहेर?"

आमच्या त्या भागात वेळअमावस्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. तिथं तिला येळवस म्हणतात. ती डिसेंबरच्या सुमारास येते, म्हणजे अजून नऊ-दहा महिने आहेत. दोन वर्षं झाली, आई पुढच्या वाराच्या पलीकडचं काही बोलत नव्हती.

"झालं की," आई म्हणाली. "पर आता येळवशीला जायाचंय. तवा माझा वार जरा मागंफुडं करा, आत्ताच सांगून ठिवते."