आचारी आजोबा दिवाण कसे झाले

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. कोणी घराण्याचा विषय काढला की मी चेन्नईच्या उकाड्यावर बोलायला लागायचो. तो विषय इथे बारा महिने चालतो.

झालं असं, की मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याची, इथे चेन्नईत शोळिंगनल्लूरला त्याच्याच ऑफिसात. तिचे वडील फोनवर सहज म्हणाले, "तंजावरचं मराठी घराणं म्हणजे इतिहासच की! वंशावळ असेल तर पाठवा ना." मी नुकताच निवृत्त झालेलो, वेळच वेळ. प्रत्येक नावाखाली व्यवसायही लिहायचं ठरवलं आणि तिथेच घसरलो.

पणजोबा राणीसाहेबांच्या वाड्यात संध्याकाळी दिवे लावत. कागदावर ते 'प्रकाशव्यवस्थेचे प्रमुख' झाले. आता त्यांच्याखाली आजोबांना नुसतं 'आचारी' ठेवणं बरं दिसेना. आजोबा लग्नामुंजींत सांबार-रसम करत गावोगाव फिरायचे. मी त्यांना दिवाण केलं. त्यांच्या जन्माआधीच राज्य संपलेलं, मग दिवाण कोणाचे? पण पुण्याहून कोणी विचारलं नाही. उलट व्याह्यांनी तो कागद फ्रेम करून लग्नाच्या हॉलमध्ये दाराशीच लावला.

त्याच दारातून माझी अत्त्या आली. अत्त्या म्हणजे ह्याच आजोबांची लेक. आई लवकर गेल्यामुळे लहानपणी ती बापाबरोबर लग्नघरी जायची, चुलीजवळ बसून चिंच कोळायची. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून आजोबा मीठ वासावरून ओळखत. तिलाही त्यांनी ते शिकवलं. ही गोष्ट ती शेजाऱ्यांना, भाजीवालीला, कोणालाही सांगे. बापाचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

अत्त्या तमिळ शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलायची, पण देवनागरी वाचता येत नव्हती. फ्रेमसमोरून ती कौतुकानं बघत पुढे गेली. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

पंगतीआधी ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "रसमला मीठ कमी आहे."

विहीणबाई हसल्या. "अहो आत्याबाई, चाखल्याशिवाय कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? माझे अप्पा मणजे..."

"अत्त्या!" मी मधे पडलो. "चल, फोटोवाला थांबलाय."

फोटोवाला तेव्हा पंगतीच्या आधीच केळीच्या पानापुढे बसून पायसम ओरपत होता. अत्त्यानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिला कोपऱ्यात नेलं.

"त्या कागदावर अप्पा कोण आहेत रे?"

"दिवाण," मी पुटपुटलो.

"अय्यो! मग ती एवढी मोठी कढई दिवाणांची होती?" ती हसली. माझा चेहरा बघून थांबली. "परवा इल्ले. चालायचंच. मुलाचं लग्न सुखानं होऊ दे."

त्या दिवशी ती कोणापाशीही काही बोलली नाही. पुढेही माझ्यासमोर तिनं 'अप्पा' हा शब्द काढला नाही. मी मुद्दाम रसमची गोष्ट काढली, तर म्हणायची, "आता वास कुठे येतो रे मला." येत होता. माझ्या शर्टाला आलेला बसमधल्या मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास तिला लगेच कळायचा आणि त्यावरून ती माझी थट्टाही करायची.

मध्यंतरी सुनेला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "एवढंच? आमच्या आईला त्या दिवाणांचं कौतुक दोन दिवस होतं, बाबा." वंशावळीत आता आजोबांच्या नावाखाली 'आचारी' आहे. पणजोबाही पुन्हा दिवे लावायला लागलेत. पण हे बघायला अत्त्या नाही.

ती होती तेव्हा मी मैलापूरला तिच्याकडे नेमानं जायचो. वाटेत वाक्य घोकायचो. दारात पाऊल ठेवलं की ती विचारायची, "कॉफी घेतोस ना?" आणि मी घ्यायचो. शेवटी शेवटी तिला ऐकू येईनासं झालं. तिला काही सांगायचं तर ओरडावं लागे आणि मग ते वरच्या मजल्यापर्यंत जाई. क्षमा ओरडून कशी मागायची? मी ओरडून म्हणायचो, "कॉफी छान झालीय!"

घोकलेलं वाक्य असं होतं: अत्त्या, तुझ्या अप्पांची मला लाज वाटली आणि त्यासाठी मी तुला गप्प केलं. चुकलं माझं.