तीनदा पॅन-पॅन

साळवेकाकांवर लिहावं इतका मी त्यांच्या जवळचा नव्हतो. त्यांच्या भिंगारच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो, एवढंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माणसावर कसं लिहितात ते मला नीट ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

काका हवाई दलात टॉवरवर होते. वैमानिकांशी रेडिओवर बोलायचं काम. निवृत्त झाल्यावर ती भाषा त्यांनी घरात आणली. पाहुणे बसलेले असताना गॅस संपला की काकू स्वयंपाकघरातून "पॅन-पॅन" म्हणत, तीनदा. म्हणजे अडचण आहे, लवकर या. पण जिवाला धोका नाही. काका पेपर टाकून उठत. जिवावरच बेतलं तर "मेडे", तेही तीनदा. मग बाकी सगळ्यांनी गप्प व्हायचं. एकदा ऐन परीक्षेत वीज गेली म्हणून मी गमतीने "मेडे" ओरडलो. काका अनवाणी जिना चढून आले. दम लागला होता.

"हा शब्द असा खर्चायचा न्हाई, पोरा."

पुढे मी तापाने पडलो, तेव्हा काका दारात उभे राहिले आणि अडचणीतल्या वैमानिकाला विचारावं तसं विचारू लागले. "काय झालंय? किती जण हायत? इंधन किती?"

"एकटाच. सकाळपासून काही खाल्लं नाही. पण जरा कणकणच आहे, काका."

"तुमी पोरं अन् पायलट सारखेच! इंजिनातून धूर निघतोय अन् म्हनं, थोडा त्रास हाय. लाजायचं कशाला? मेडे म्हनलास की अख्खं आकाश मोकळं करून देतो आमी."

मागून काकू म्हणाल्या, "आकाश ऱ्हाऊ द्या. आदी स्कूटर काढा."

दिवाळीत मी घरी होतो. आमच्या वाडीवर रेंज नसते. राजूरच्या बाजारात उतरलो तेव्हा काकूंचा फोन लागला.

"तुजे काका गेले रे. परवाच. छातीवर हात ठिवून पॅन-पॅन म्हनले, तीनदा. मी म्हनलं, जिवाचं काई न्हाई. कनीक झाकली, लुगडं बदललं, मंग रिक्षा बोलावली."

समोर जीपमधून तांदळाची पोती उतरवत होते. मी ती बघत राहिलो. रडू आलं नाही.

"मेडे म्हनले असते, तर मी तशीच पळाले असते ना रे?"