उन्हात घातलेले सेल

“जिसने मुलुक नहीं देखा, उसको आँख नहीं.”

होदन हे दिवसातून चारदा म्हणायची. समोसे तळताना, पाणी भरताना, गच्चीवर येरझारा घालताना. तिच्या सोमाली भाषेतली ही म्हण तिनं औरंगाबादच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत आणली होती. माझी मावशी भागूबाई तिची घरमालकीण. ती म्हणायची, “मंग मला आंधळीच म्हण की! म्या करमाडच्या पल्याड काय पाह्यलंय?”

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. होदनचा भाऊ दाहिर इथं कॉलेजात शिकत होता. तीन वर्षांमागं तिकडं लढाई पेटली, तिचा नवरा मारला गेला, आणि बंदरावरच्या रेटारेटीत अकरा वर्षांच्या पोराचा, लिबानचा, हात तिच्या हातातून सुटला. गर्दीनं तिला बोटीत ढकललं, पोरगा धक्क्यावरच राहिला. मग ती भावाकडं आली, पुंडलिकनगरात, मावशीच्या वरच्या खोलीत.

आपल्या मुलखातल्या, इथं शिकणाऱ्या पोरांसाठी ती समोसे करायची आणि दाहिर ते सायकलवर पोचवायचा. भातात केळं कुस्करून खायची. मावशी म्हणायची, “भातात केळं? देवाचा निवद हाय का ह्यो?” होदन तोंडभर हसायची आणि मावशीच्याच ताटात अर्धं केळं ठेवायची.

पण एका जागी तिचं बूड टेकत नसे. फुटाणा तापल्या खापरात उडावा, तशी ती घरभर. टेकायची फक्त संध्याकाळी साडेसातला, रेडिओजवळ. तेव्हा तिच्या भाषेत हरवल्या-सापडल्यांची नावं वाचत. त्यांच्यात आडनाव नसतं. आपलं नाव, बापाचं, आजाचं. लिबान अब्दी वारसमे. “लिबान अब्दी बहुत हैं,” ती सांगायची. “दादा का नाम आया, तो मेरा.” तीन वर्षं ती त्या तिसऱ्या नावाकडं कान लावून होती.

वैशाखात रेडिओचा आवाज बसला. आपल्याकडं सेल उतरले की उन्हात घालतात, दोन दिवस अजून चालतात. मावशीनं मायेनं सेल काढले आणि गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवले. दुपारी वावटळ उठली. घाईघाईत तिनं कुरडयांबरोबर सेलही डब्यात भरले आणि ती कीर्तनाला गेली. साडेसातला रेडिओ उघडा, आतून रिकामा. होदननं चूल पाहिली, कोनाडे पाहिले, गच्ची चाचपली. सेल आठला सापडले, कुरडयांच्या चुऱ्यात. तोवर नावं वाचून झाली होती.

होदन तीन दिवस जिना चढली, उतरली.

चौथ्या दिवशी गल्लीतल्या दुकानदार कडूबाच्या फोनवर हैदराबादेहून फोन आला. तिकडं नूर नावाचा तिच्या गावचा म्हातारा राहत होता. तो रोजची नावं कॅसेटवर भरून ठेवायचा. केनियातल्या छावणीत एकट्या सापडलेल्या पोरांची यादी सेल हरवले त्याच संध्याकाळी वाचली होती. त्यात एक लिबान अब्दी होता. तिसरं नाव खरखरीत गेलं, म्हाताऱ्याला लागत नव्हतं. त्यानं फोनवर कॅसेट लावली. होदननं दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबला. नुसती खरखर.

“कागद धाडा म्हणावं छावणीला,” कडूबा म्हणाला. “येईल उत्तर.”

“कागज बैठ के जाता है. मैं चल के जाती.” तिनं फोन ठेवला. “पहले मेरे कान से सुनूँगी. फिर छावणी.”

मावशी उंबऱ्यात उभी होती. “माह्याच हातानं झालं गं हे.”

“तेरे हाथ ने धूप दी, अम्मा.”

“आन पोरगं दुसरीचंच निघालं तर?”

होदननं पायात चपला सरकवल्या.

“तो उसकी माँ को ढूँढूँगी.”

दुसऱ्या दिवशी ती हैदराबादेला निघाली. दाहिर तिकिटासाठी पुढं स्टेशनावर गेला होता. मावशीनं भाकरी, ठेचा आणि दोन केळी फडक्यात बांधून दिली. वर कडूबाच्या दुकानातून आणलेले नवे सेल दिले. “हे उन्हात घालू नको,” असं म्हणून ती स्वतःच हसली आणि पदर डोळ्यांना लावला. होदननं सेल तिथंच रेडिओत बसवले, रेडिओसकट गाठोडं काखेत मारलं आणि रिक्षाची वाट न पाहता पायीच निघाली. लांब, उंच पावलं. एकदाही मागं वळली नाही.

कडूबा दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. मावशी गच्चीत चढली आणि होदन मोठ्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत कठड्याला धरून पाहत राहिली.