तळमजल्याची मोरी

डोंबिवली पूर्वेला आमची बिल्डिंग, तीन मजली, बिनलिफ्टची. आई तळमजल्यावर राहायची आणि काकू तिसऱ्या मजल्यावर. या काकू नात्यातल्या नव्हेत. आई साताऱ्याकडची, त्या रत्नागिरीकडच्या. दोघी नव्या नवऱ्या म्हणून एकाच सुमारास या बिल्डिंगमध्ये आल्या आणि तेव्हापासून एकीच्या घरी काही वेगळं शिजलं की दुसरीकडे वाटी जायची. पुढे काकूंचे गुडघे गेले. त्यांचं खाली उतरणं बंद झालं, तेव्हा आई रोज वर जाऊ लागली. बाबा गेल्यावर तर दुपारचा चहा ती तिथेच प्यायची.

मी लग्नानंतर ठाण्याला, कोलशेतला. एका खाजगी सल्लागार कंपनीत सांडपाण्याच्या वाहिन्यांची आखणी करते. आई माझी ओळख 'आमची गटारांची इंजिनिअर' अशी करून द्यायची. ऐकणारे हसायचे, ती हसायची नाही.

माझ्या लहानपणी आमच्या बिल्डिंगला सेप्टिक टँक होता, मागच्या अंगणात. सगळ्यांच्या संडासाचं पाणी त्यात जायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरायचं. त्याच्या कडेला केळी अशा माजायच्या की काकू नैवेद्याला पान कधी विकत आणत नसत. पण टँक भरला की उपसणारी गाडी यायची, आणि त्या दुपारी खिडक्या लावून सगळे घरात घामाघूम बसायचे. शेजारच्या विहिरीचं पाणी तर बाबांच्या देखत वापरातून गेलं. म्हणून रस्त्यावर मैलापाण्याची वाहिनी आली तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. टँक उपसून भरून टाकला, अंगणात फरशी बसवली, गाड्या उभ्या राहू लागल्या. केळी गेल्या.

घोटाळा त्याच वेळी झाला. रस्त्यावर दोन वाहिन्या होत्या, एक मैल्याची आणि एक पावसाच्या पाण्याची. पावसाची पलीकडच्या कडेला होती. गच्चीवरून उतरणारा पाईप तिथवर न्यायचा तर अख्खं अंगण उकरावं लागणार होतं. मैल्याचं चेंबर मात्र हाताशी होतं. कंत्राटदाराने गच्चीचा पाईप त्यातच सोडून दिला. गल्लीतल्या बहुतेक बिल्डिंगींनी तेच केलं होतं.

उन्हाळ्यात कोणाला काही कळलं नाही. पावसाळ्यात, जोराची सर आली की ती वाहिनी तुडुंब भरायची आणि पाणी मिळेल त्या सगळ्यात खालच्या भोकातून वर यायचं. आमच्या बिल्डिंगीत ते भोक म्हणजे आईच्या मोरीची जाळी.

पहिल्यांदा झालं तेव्हा आईने मला फोनही केला नाही. फिनाईल ओतून, घासून, ती मोकळी झाली. पुढच्या खेपेला मी घरात होते. काळं पाणी जाळीतून बुडबुडे काढत वर आलं आणि उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.

"मग दोन नळ कशाला घालायचे?" आईने नंतर पोळ्या लाटता लाटता विचारलं. "एकच मोठा घालावा की सगळ्याला."

मी सांगितलं की तसंही करतात. जुन्या शहरांत कितीतरी ठिकाणी एकाच वाहिनीतून पाऊस आणि मैला जातो. खोदाई एकदाच, खर्च कमी, आणि पावसाने वाहिनी आपोआप धुऊन निघते. पण आठ महिने कोरडे असले की एवढ्या मोठ्या पाईपाच्या तळाशी पाण्याची बारीक धार राहते, गाळ बसतो, वास सुटतो. आणि आपल्याकडचा पाऊस आला की शुद्धीकरण केंद्राला एवढं पाणी झेपत नाही. मग ते तसंच खाडीत सोडावं लागतं.

"आणि दोन असले की?"

"दोन असले की मैला केंद्रात जातो, पाऊस नाल्यात जातो. पण मग लोकांनी ते दोन वेगळे ठेवायला हवेत."

आईने पोळी तव्यावर टाकली. "म्हणजे झालंच," ती म्हणाली.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी काकूंचा मुलगा. माझ्यापेक्षा लहान, माझ्या हाताखाली अभ्यास केलेला. मी त्याला कागदावर काढून दाखवलं: अंगणातून चर खणायचा, गच्चीचं पाणी पावसाच्या वाहिनीत न्यायचं आणि आईच्या लायनीला एक झडप बसवायची, म्हणजे घरातलं पाणी बाहेर जाईल पण बाहेरचं आत येणार नाही. त्याला ते सगळं समजलं. तो म्हणाला, "ताई, बरोबर आहे तुझं. पण लोकांच्या गाड्या कुठे लावू? फरशी आत्ताच बसवलीये. पावसाळा होऊन जाऊ दे."

पावसाळा होऊन गेला आणि विषयही गेला. पुढच्या वर्षी पाणी पुन्हा आलं, तेव्हा आई स्वतः सभेत उठून बोलली. सभा काकूंच्याच घरी होती, त्यांना उतरता येत नाही म्हणून. आई म्हणाली, तुमच्या सगळ्यांच्या घरचं माझ्या घरात येतं, मला आता वाकून काढवत नाही. सगळे सेक्रेटरीकडे बघू लागले. मुलगा खाली बघत होता. त्याच्यावर सगळं येतंय असं काकूंना वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "अगं, तळमजल्याला राहायचं म्हटलं की थोडंफार पाणी यायचंच."

आई बसली. चहा न घेता खाली आली. त्यानंतर ती तिसऱ्या मजल्यावर गेली नाही. मी समजूत घालायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "पाण्याचं मला काही नाही गं. ते पुसलं की जातं." काकूंनी मोलकरणीबरोबर सांदणं पाठवली. आईने डबा घासून, त्यात साखर घालून परत पाठवला, पण निरोप दिला नाही. सगळा हिवाळा आणि उन्हाळा दोघी अशा एकीवर एक राहिल्या.

जुलैमधल्या एका दुपारी मी ऑफिसात होते. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. मोरीतून पाणी यायला लागल्यावर आईने जाळीवर जुना टॉवेल कोंबला आणि त्यावर वरवंटा ठेवला. तरी पाणी संडासातून आलं. ते बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून ती उंबऱ्याशी चादरी लावत होती, आणि तिथेच तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. तिला उठता येईना. फोन स्वयंपाकघरात होता.

आमच्या बिल्डिंगीतल्या मोऱ्या एकावर एक आहेत आणि पाईपांच्या डक्टमधून वरचं खाली, खालचं वर ऐकू येतं. पहिला आणि दुसरा मजला कामाला गेलेला होता. काकूंनी आईची हाक ऐकली. त्यांनी मुलाला फोन केला, मला केला, आणि मग दार उघडून त्या जिन्यात बसल्या. एकेक पायरी बसून, हातांवर भार देऊन त्या तिन्ही मजले उतरल्या. खालचं दार नुसतं लोटलेलं होतं, आई दिवसा कडी लावत नसे. काकू त्या पाण्यातून सरकत मोरीपर्यंत गेल्या आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दोघी तशाच होत्या. पाणी ओसरायला लागलं होतं. काकूंचं पातळ कमरेपर्यंत काळं झालं होतं. आईचे ओठ पांढरे पडले होते, पण ती शुद्धीवर होती.

त्या वेळात दोघी काय बोलल्या ते काकूंनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. "मी माफी मागायला लागले तर तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, तू कशाला खाली आलीस? आता वर कोण नेणार तुला?" एवढं सांगून काकूंनी गुडघ्यांवरचं पातळ सारखं केलं. "वर्षभराने बोलली माझ्याशी. तेही माझ्या गुडघ्यांचं."

ऑपरेशन झालं. जखमेत मात्र पू धरला, पुन्हा उघडावं लागलं. मग आईला मी कोलशेतला आणलं. आमचा टॉवर नवा आहे, संकुलाचं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र आहे. सगळ्या घरांचं पाणी तिथे स्वच्छ होऊन फ्लशला आणि बागेला परत येतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचं कौतुक असतं. आईला त्या पाण्याचा पिवळटपणा आणि मंद वास सोसवत नसे. केंद्राची मोटार बिघडली की तो वास वाढायचा. ती खिडकीतून खाडीकडे बघत पडून राहायची. एकदा म्हणाली, "इथे खालून कोणी हाक मारली तर ऐकू नाही यायची."

काकूंचा मुलगा तिला भेटायला आला. पलंगाशेजारी बसला. मग म्हणाला, "मावशी, फरशी फोडली. पाईप वेगळा केला, झडप बसवली. ताईने काढून दिलं होतं तसंच."

आईने त्याचा हात धरला. "तुझी आई कशी आहे?"

"घरातच. त्या दिवसापासून गुडघे जास्तच झालेत. डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्चीतून उतरवावं लागतं."

तो गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. "आपल्या तळमजल्याच्या घरात आण तिला. मी आता काही तिथे जात नाही."

मला ते आवडलं नाही, आणि मी तसं बोलले. ज्या घरात तिची ही अवस्था झाली ते घर त्यांनाच का द्यायचं? आई म्हणाली, "मग कोणाला देणार? परक्याला?"

काकूंना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या नको म्हणाल्या. तिच्या मोरीत मी पाय ठेवणार नाही, म्हणाल्या. आई फोन मागून घेऊन त्यांच्याशी बोलली, दोन-तीनदा बोलली. त्यांनी ऐकलं नाही. हिवाळ्यात आई गेली. जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. काकूंना खुर्चीत बसवून ठाण्याला आणलं. त्यांनी आईच्या पायांवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. दिवस झाल्यावर त्यांनीच निरोप पाठवला की मी खाली येते.

आता त्या तिथे राहतात. भांडी आईची, पलंग त्यांचा. सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. मोरी कोरडी राहते. गल्लीतल्या बाकीच्या गच्च्यांचं पाणी मात्र अजून त्याच वाहिनीत जातं, म्हणून ते समोरच्या बिल्डिंगीत वर येतं. मी तिथल्या लोकांना जाऊन भेटले, त्यांनाही कागदावर काढून दिलं. त्यांनी चहा दिला.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस मी काकूंकडे गेले होते. पाऊस धरला तशा त्या भिंतीला धरून उठल्या, खुर्ची ओढत नेली आणि मोरीच्या दाराशी बसल्या.

"काकू, झडप आहे. नाही येणार पाणी."

"असेल," त्या म्हणाल्या. "तू पोहे कर. मी बसते इथे."

मी कांदा चिरायला घेतला.