सात चौक्या, एक तार

कल्पना करा, कालव्याच्या शेवटच्या चौकीत तुम्ही एकटे बसला आहात. भिंतीवर दांडा फिरवायचा फोन आहे आणि त्या एकाच तारेवर सातही चौक्या आहेत. आता एकमेकांची तोंडं न बघता सात जणांनी मिळून पाण्याचं कोडं सोडवायचं आहे. जमेल?

सातव्या चौकीच्या आसारामला ते जमवावंच लागलं, नाहीतर नोकरी जात होती.

बहात्तरचा दुष्काळ. भंडारदरा धरणाचं पाणी पुरवून वापरायचं म्हणून कालवा पहाटे पाचला उघडायचा, तिन्हीसांजेला बंद व्हायचा. पण मोजपट्टीचे आकडे फोनवर द्यायचे ते कालवा रात्रंदिवस वाहायचा तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सकाळी सहालाच. पहिल्या चौकीवर चार फूट, सातवीवर जेमतेम अर्धा.

"मधलं पाणी कोण पितंय?" नवे ओव्हरसियर शामकांत फोनवर गरजले.

"साहेब, पानी मागनं येतं," आसाराम म्हणाला. "सहाला हितवर पोचत न्हाई."

"मागून येतं ते तेच पाणी कशावरून? शनिवारपर्यंत पटवून दे, नाहीतर रिपोर्ट जाईल."

साहेबांनी फोन ठेवला. तारेवर मात्र श्वास ऐकू येत राहिले. दुसऱ्याच्या फोनवर कान लावू नये असा नियम होता, आणि तो कुणीच पाळत नसे.

"एवढं पानी एकटाच पितुस व्हय रं?" तिसऱ्या चौकीचा श्रीमंत खिदळला.

"चेष्टा नको गड्या. पोरंबाळं हायती मला."

"मग पान्याला बिल्ला बांध, वळखाया."

"बिल्ला कशाला?" पहिल्या चौकीचा छगन म्हणाला. "वाळका भोपळा सोडू की पान्यासंगं!"

"गेरूनं रंगवा," आसाराम घाईनं म्हणाला, "म्हंजी लांबनं दिसंल. आन् दिसला की ज्यानं त्यानं टाइम सांगायचा."

शनिवारी पाचला साहेबांनाही तारेवर घेऊन छगन ओरडला, "सोडला!" तासाभरानं दुसरी चौकी बोलली. तिसरीवरून श्रीमंत धापा टाकत म्हणाला, "बाभळीत अडाकला हुता. कमरंएवढ्या पान्यात उतारलो. धा मिनटं वजा धरा!" आसाराम कोळशानं भिंतीवर वेळा मांडत होता. आजवर कालवा म्हणजे त्याला दारासमोरचं पाणी होतं. आज बारा मैलांचा आख्खा कालवा त्याच्या कानातून वाहत होता.

अकराला दहा कमी असताना पाण्याला फुगवटा आला आणि त्यावर डुलत लालभडक भोपळा आला. आसारामनं तो बांबूनं ओढला, धावत फोन गाठला.

"साहेब, घावला! पट्टी पावनेचार फूट!"

पलीकडे पेन्सिलीची खरखर झाली. "दहा मिनिटं वजा. पाच तास चाळीस," शामकांत सावकाश म्हणाले. "रिपोर्ट नाही जात, आसाराम. उद्यापासून तुझा आकडा अकराला."

"आता पी पोटभर!" श्रीमंत म्हणाला. सगळी तार हसली.

आसाराम हसला नाही. ओला भोपळा काखेत धरून तो भिंतीवरच्या वेळांकडे बघत होता. मग त्यानं हळूच विचारलं, "साहेब, भोपळ्याला एवढा टाइम लागला. मग माजा आवाज तुमच्यापत्तुर यायला किती लागतो?"