पाचवा खांदा

नळदुर्गच्या दवाखान्यात मी आया होते, निजामाच्या राजवटीत, आणि त्या वर्षी देवाशी माझं बोलणं बंद होतं. माझा आवाज असा, की मी नळदुर्गात ओरडले तर येडशीच्या ठेसनातली आगगाडी शिट्टी झाली समजून सुटायची. या आवाजात मी देवाला इतक्या वेळा हाका मारल्या होत्या, की बहिरा असता तरी त्यानं कूस बदलली असती. पण आमच्या मागच्या खोलीत ज्यांना ठेवत, ती माणसं काही उठून घरी जात नसत. इलाज संपलेली माणसं ती. त्यांना मी पुसायची, कुशीवर वळवायची, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायची, आणि शेवटी डोळे मिटवायची. मग म्हणायची, हे सगळं मीच करायचं असेल तर तू कशाला आहेस बाबा?

अशात शिवलिंगाप्पा आले. किराण्याचे व्यापारी, अंगानं एकेकाळी एवढे भरलेले की बसले की गादीच दिसायची नाही. घशात गाठ झाली आणि माणूस वाळून खाटेच्या सुंभासारखा झाला. पाण्याचा घोटही उतरेना. पाठ सोलवटली होती. मी कडुनिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायची, चादरीची एक चुणी राहू द्यायची नाही, आणि धुताना त्यांना अशा थापा सांगायची की दुखणं ऐकत बसायचं. आप्पा हसत. आवाज निघायचा नाही, नुसतं पोट हलायचं.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आमच्याकडं खंडोबा एका जागी बसत नाही. वर्षातला बराच काळ तो अणदूरला असतो आणि मग पालखीत बसून नळदुर्गला मुक्कामाला येतो. पालखी वेशीत आली की आप्पा तिला खांदा देत. मिसरूड फुटल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. आप्पा कानडी, ते त्याला मल्लय्या म्हणत. रोज सकाळी डोळे उघडले की ओठ हलायचे, ‘‘मल्लय्या बंदना?’’ म्हणजे मल्लय्या आला का?

‘‘येतोय आप्पा,’’ मी म्हणायची. ‘‘वाटंत भक्तांनी अडवलंय. तुमच्यासारखी चिवट माणसं हायेत ती.’’

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, फार मायाळू. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आक्का, आज जाते की कल, ऐसा है. तकलीफ नक्को होने दो, बस.’’ आणि पालखीला तर अजून अवकाश होता. रोज वाटायचं आज संपलं, आणि रोज सकाळी तोच प्रश्न ओठांवर. मी रागानं देवाला म्हणाले, बोलत नाही मी तुझ्याशी, पण एवढ्या खेपेला तरी वेळेवर ये.

शेवटी एका सकाळी हलग्या ऐकू आल्या. पालखी आली, पण ती जाणार वेशीवरून मंदिराकडं. दवाखाना पडला आडबाजूला. आप्पांनी माझा हात धरला. त्या हातात चिमणीएवढंही बळ नव्हतं, तरी मला सोडवेना.

‘‘साहेब,’’ मी म्हणाले, ‘‘खाट उचलायची.’’

साहेबांनी नाडी पाहिली, आप्पांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि कोट काढून खुंटीला लावला. खाटेच्या एका पायाला साहेब, एका पायाला चपराशी दस्तगीर, एका पायाला मी, आणि चौथ्याला आप्पांची बायको, अव्वा. खाट उचलणार एवढ्यात अव्वानं हात मागं घेतला.

‘‘चार खांदे? जित्या मानसाला? आक्का, ही काय तिरडी हाय का? मी लावणार न्हाय आन् तुमालाबी लावू देणार न्हाय!’’

खरंच होतं तिचं. आमच्यात जिवंत माणसाला चौघांच्या खांद्यावर नेत नाहीत. पाचवा हवा. आणि अख्खं गाव वेशीत! कुत्रंसुद्धा राहिलं नव्हतं. हलग्या जवळ येऊन पुढं सरकायला लागल्या. मी पायरीवर उभी राहून अशी बोंब ठोकली की किल्ल्यावरची कबुतरं तुळजापूरला जाऊन बसली असतील. ‘‘अरे, एक तरी माणूस हाय का?’’

‘‘हाय की.’’

अंगणातल्या लिंबाखाली एक धनगर उभा होता. खांद्यावर घोंगडी, पायांत धूळ. कधी आला, देव जाणे. काही विचारलं नाही, सरळ आला आणि उशाच्या मधोमध खांदा लावला. मी आजवर कितीतरी जड देह उचलले, पण ती खाट त्या दिवशी पिसासारखी उठली. हे मी वाढवून सांगत नाही, दस्तगीरला विचारा. तो तर म्हणतो, खाटच आम्हाला ओढत होती.

वेशीत पोचलो तर गर्दीतून एकजण ओरडला, ‘‘मढं आलं, मढं! सरका!’’

‘‘मढं तुझं!’’ मी गरजले. ‘‘डोळं फुटलं का? खांदं मोज!’’

त्यानं मोजले. सगळ्यांनीच मोजले. आणि गर्दी दुभंगली. पालखीवाले आप्पांना ओळखत होते. न सांगता त्यांनी पालखी खाटेला भिडवली आणि दांडी अलगद आप्पांच्या खांद्याला टेकवली. त्या माणसानं पडल्या पडल्या हात वर करून दांडी धरली. स्वतः पाच खांद्यांवर, आणि देव त्याच्या खांद्यावर! पुजाऱ्यानं कपाळाला भंडारा लावला, ओठांवर तीर्थाचा थेंब सोडला. पाणी न गिळणाऱ्या घशातून तो थेंब उतरला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. येळकोटाचा असा गजर झाला की साहेबही ओरडत होते, गालांवर पाणी आणि मिशांवर हळद.

खाट परत आणून ठेवली तेव्हा धनगर नव्हता. दस्तगीर म्हणतो, मेंढ्या सोडून आला असेल, गेला. अव्वा म्हणते, तो मल्लय्याच. मी वाद घालत नाही. पालखीतही बसायचं आणि खाटेखालीही शिरायचं, एवढी देवाची ओढाताण मला बघवत नाही. पण आला ना कुणीतरी! माझं भांडण तिथंच मिटलं.

दुपारी मी आप्पांना कुशीवर वळवत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पोट हलवून हसले आणि माझ्या हातांतच गेले. चेहरा असा, की जणू गल्ला बंद करून घरी निघालेत.

त्यानंतर मागच्या खोलीत मी कितीतरी माणसं सांभाळली. पण आता कुणाला कुशीवर वळवताना हात पुरेनासा झाला की मी चिडत नाही. माझ्या वाटेचा खांदा लावते आणि म्हणते, तुझी जागा तू सांभाळ, देवा.