आतून टकटक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तोंड उघडतंय.

उल्हासनगरात आमच्या घराखालीच माझा गाळा आहे. तिथे जीन्स धुवायचं काम चालायचं, सगळं विनापरवाना. तपासणीला कुणी आलं की मी शटर ओढून बाहेरून कुलूप लावायचो. कामगार आत गप्प. साहेब गेले की मी शटरवर दोनदा टकटक करायचो — म्हणजे मोकळं. ही खूण रामसकलने काढलेली. बिहारचा गडी, हात कोपरापर्यंत निळे. गावाला तान्हं पोर होतं. "या हातांनी त्याला उचललंस तर निळा किसन होईल रे त्याचा," असं मी चिडवायचो. हसायचा. दादा म्हणायचा मला. आवडायचा हो, आईशपथ!

त्या दुपारी बाकीचे जेवायला गेलेले. तो एकटाच आत, ब्लीचच्या टाकीपाशी. साहेब अचानक आले. मी कुलूप घातलं, बाहेर खुर्च्या टाकल्या, चहा मागवला. किती वेळ बसावं माणसाने? दुसरा कप झाला, आणि — टकटक. आतून.

खूण बाहेरून द्यायची. आतून कधीच कुणी दिली नव्हती. मला कळलं नाही असं समजू नका. कळलं. त्या वासात त्याचा जीव गुदमरतोय हे मला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

साहेबांनी विचारलं, "आत कोण आहे?"

"उंदीर," मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

पुन्हा दोनदा वाजलं, हळू. मग नाही.

साहेब गेल्यावर कुलूप काढलं. तो शटरला टेकून बसला होता. संपलेला. मी सगळ्यांना सांगितलं — काम करता करता छातीत कळ आली. कुलपाचं नाव नाही काढलं. गावी न्यायला गाडी करून दिली, म्हणून त्याच्या भावाने रडत माझे पाय धरले. मी धरू दिले.

गाळा आता रिकामा आहे. शटरला आतून तीनदा रंग दिला, तरी निळा पंजा वर येतोच. आणि दुपारी, चहाच्या वेळी, खाली दोनदा वाजतं. मनाचे खेळ म्हणावेत — तर बायकोलाही ऐकू येतं.

"अहो, गाळ्यात उंदीर झालेत वाटतं," ती म्हणते.

आणि मी म्हणतो — हो, उंदीरच.